शरणपूरची मुलं घेऊन साल्वादोरला

नाशिकचा शरणपूर रोड दिवसभर तुडुंब वाहत असतो. दवाखाने, बँका, क्लासेस, दागिन्यांची दुकानं. ज्या वस्तीवरून या रस्त्याला नाव पडलं, तिथे एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून आलेली मुलं-मुली राहत होती, ही गोष्ट मात्र शहराच्या बोलण्यात कुठेच येत नाही. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ ख्रिस्ती झालेल्यांसाठी शरणपूर ही वसाहत उभी केली. विल्यम सॉल्टर प्राइस हा तिथला प्रमुख मिशनरी. पुढे १८६०च्या सुमारास तिथेच आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांनी भरलेली गलबतं अडवायचं, सोडवलेली माणसं मुंबई बंदरात उतरवली जायची, आणि त्यांतली पोरकी मुलं मिशनच्या हवाली व्हायची. शरणपुरात ती वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, बाप्तिस्मा घेऊन इंग्रजी नावांची झाली.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते आणि बऱ्याच काळापासून या मुलांच्या मागावर आहे. माझ्या संशोधनाचे मार्गदर्शक सर आता निवृत्त झालेत, पण कुठे काही वाचलं की अजून मला फोन करतात. एका रात्री त्यांनी एका आंतरराष्ट्रीय परिषदेचं आवाहन पाठवलं. विषय होता आफ्रिकी डायस्पोरातला धर्म आणि वंश, म्हणजे आफ्रिकेबाहेर विखुरल्या गेलेल्या माणसांचं देवधर्माशी आणि कातडीच्या रंगाशी असलेलं नातं. ठिकाण ब्राझीलमधलं साल्वादोर. मी म्हटलं, "सर, हे सगळं अटलांटिकचं आहे. तिथे नाशिकला कोण विचारतंय?" सर म्हणाले, "म्हणूनच पाठव. त्यांच्या नकाशात आपला समुद्रच नसतो."

सरांचं खरं होतं. आफ्रिकी डायस्पोरा म्हटलं की डोळ्यांपुढे अमेरिका, हैती, जमैका, ब्राझील येतात. अरबी समुद्र ओलांडून आलेली, किंवा आणली गेलेली माणसं त्या चित्रात क्वचितच दिसतात. जंजिऱ्याचे सिद्दी, खुलताबादेत चिरनिद्रा घेणारा मलिक अंबर, गुजरातेत रतनपूरला बावा गोरच्या दर्ग्यावर 'धमाल' हा ढोलावरचा नाच करणारे सिद्दी, गोव्यातल्या पोर्तुगिजांच्या घरांतून निसटून यल्लापूर-हल्याळच्या जंगलात वसलेले सिद्दी, आणि आमची शरणपूरची मुलं. मी गोषवाऱ्यात हेच मांडलं, आणि पुढे एकच प्रश्न घेतला: या मुलांना धर्म दिला गेला असं सगळी कागदपत्रं सांगतात, तर त्या धर्माचं त्यांनी पुढे काय केलं?

निवड झाल्याचं पत्र आलं आणि खरी धावपळ सुरू झाली. मुंबईतल्या वकिलातीतून व्हिसा, निमंत्रणपत्राची मूळ प्रत, बँकेची स्टेटमेंटं, कॉलेजचं ना-हरकत पत्र. ज्यांना कुणाला तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि ती घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ब्राझीलमधून परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात, आणि नसलं तर विलगीकरणात ठेवतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि तिथल्या तारखा हातच्या नसतात. प्रवासखर्चाचा काही भाग परिषदेने उचलला, काही कॉलेजने, उरलेला मी. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही.

विमान आदिस अबाबामार्गे होतं. तिथल्या थांब्यात मलिक अंबर आठवल्याशिवाय राहिला नाही. याच देशात जन्मलेला मुलगा बाजारांतून हात बदलत दख्खनला आला, वाटेत मुसलमान झाला, आणि निजामशाहीचा कारभार हाती घेऊन त्याने मोगलांना जेरीस आणलं. १६२६ साली तो वारला तेव्हा दख्खनमध्ये त्याच्या तोडीचा सेनानी शोधावा लागला असता. त्याचं मूळ नाव, आईवडील, आईवडिलांचा देव यांपैकी किती गोष्टी आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत? आपण त्याचा गनिमी कावा शिकवतो, त्याची जमीन-महसुलाची घडी शिकवतो, आणि तो गुलाम म्हणून विकला गेला होता हे एका वाक्यात उरकतो.

साल्वादोर हे १५४९ ते १७६३ ब्राझीलच्या राजधानीचं शहर. अटलांटिकपार नेलेल्या सव्वा कोटी आफ्रिकी माणसांपैकी सुमारे अठ्ठेचाळीस लाख एकट्या ब्राझीलच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली, आणि त्यांतली लक्षावधी या एका उपसागरातून आत गेली. गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी, पश्चिम गोलार्धात सर्वांत शेवटी. आज शहरातले चार-पंचमांशाहून जास्त लोक स्वतःला कृष्णवर्णीय किंवा मिश्रवर्णीय म्हणवतात. ही आकडेवारी मी विमानात वाचली होती. पण शुक्रवारी सकाळी बसथांब्यावर उभी राहिले तेव्हा रांगेतली निम्मी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती. कारकून, नर्स, शाळकरी पोरं, भाजीवाली. शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं, आज ओशालाचा वार. ओशाला म्हणजे कांदोम्ब्ले या, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी ब्राझीलमध्ये घडवलेल्या, धर्मातला सृष्टीचा पिता, त्याचा रंग पांढरा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांचा देव आज शहराच्या अंगावर उघड्यावर मिरवत होता.

परिषदेचं उद्घाटन बघून मी पहिल्यांदा सावरून बसले. मंचावर कुलगुरू होते, प्राध्यापक होते, आणि मध्यभागी, सर्वांत उंच पाठीच्या खुर्चीत, कांदोम्ब्लेच्या एका जुन्या मंदिराच्या प्रमुख आजी होत्या. पांढरा घोळदार पोशाख, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा. इथे अशा प्रमुख स्त्रीला 'माई दे सांतो' म्हणतात. प्राध्यापक त्यांच्यापुढे वाकून आशीर्वाद घेत होते, आणि पहिलं भाषणही त्यांचंच झालं. हेडफोनमधून दुभाषीचा इंग्रजी आवाज येत होता. त्या म्हणाल्या की आमच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पाहुणे येतात, वही काढतात, जातात. या वेळी आम्ही ऐकणार आहोत आणि मग उत्तर देणार आहोत. परिषदेचा नियमच तसा होता. प्रत्येक सत्रात तीन निबंध, आणि त्यानंतर पहिली दहा मिनिटं ज्या समाजाबद्दल बोललं गेलं त्या समाजातल्या कुणाची तरी. सूत्रसंचालकाचे प्रश्न त्यानंतर.

आपल्याकडच्या चर्चासत्रांत मी अनेकदा बसले आहे. भटक्या-विमुक्तांवरचं चर्चासत्र असतं आणि सभागृहात त्यांच्यातलं कुणी नसतं. असलंच तर संध्याकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमात. त्यामुळे हा साधासा नियम मला या सगळ्या आठवड्यातला सर्वांत मोठा विचार वाटला, आणि तो प्रत्यक्षात कसा चालतो ते मी डोळ्यांत तेल घालून बघितलं.

दुसऱ्या दिवशीचं एक सत्र एका जुन्या वादावर होतं. १९४०च्या सुमारास दोन अमेरिकन अभ्यासक याच शहरात आले. ई. फ्रँकलिन फ्रेझियर हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ, आणि मेलव्हिल हर्स्कोविट्स हे गोरे मानववंशशास्त्रज्ञ. दोघांनी गांतोइस या प्रसिद्ध मंदिराच्या आसपासच्या कुटुंबांशी बोलून अगदी उलटे निष्कर्ष काढले. फ्रेझियर म्हणाले, इथली कुटुंबव्यवस्था ब्राझीलमधल्या परिस्थितीतून घडली आहे, तिच्यात आफ्रिका शोधू नका. हर्स्कोविट्स म्हणाले, आफ्रिकेचाच धागा इथे अखंड आहे. वरवर बघता हा विद्वानांचा वाद आहे. पण त्याच्या मागे वंशाचा प्रश्न धगधगत होता. फ्रेझियरना भीती अशी, की 'काळे लोक मुळातच वेगळे' असं ठरलं तर अमेरिकेत त्यांना वेगळंच ठेवायला निमित्त मिळेल. हर्स्कोविट्सना खोडायचा होता तो 'काळ्यांना भूतकाळच नाही' हा समज. दोघांचे हेतू मला आदर वाटावा असेच आहेत. निबंध संपल्यावर गांतोइसच्या परिसरातल्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, या वादात आमच्या आज्या साक्षीदार म्हणून आहेत, न्यायाधीश म्हणून कुठेच नाहीत. त्यांनी पुढे सांगितलं की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली माणसं आजच्या नायजेरियातल्या लागोसला जात-येत होती. मार्तिनियानो दो बोंफिम नावाचे पुजारी तर लागोसला शिकून परत आले आणि त्यांनी इथल्या मंदिरांना नव्याने शिकवलं. म्हणजे आफ्रिका इथे नुसती उरलेली नव्हती, ती जाऊन आणलेली होती. मी वहीत हे वाक्य लिहिलं आणि त्याखाली शरणपूर असं लिहून ठेवलं.

तिसरं सत्र ऐकताना बसवत नव्हतं. विषय होता पोलिसांनी जप्त केलेल्या देवांचा. रिओमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिसांनी धाडी घालून ढोल, मूर्ती, माळा, आसनं उचलून नेली आणि 'काळी जादू' म्हणून पोलिसांच्याच संग्रहालयात ठेवली. माई मेनिनाझिन्या दे ओशुम आणि इतर धर्मप्रमुखांनी वर्षानुवर्षं लढून त्या २०२०मध्ये तिथून सोडवल्या. आता त्या रिओच्या म्युझेउ दा रेपुब्लिकामध्ये आहेत आणि त्यांची देखभाल कशी व्हायची हे ठरवताना मंदिरांचा शब्द विचारला जातो. साल्वादोरची कथा याहून कडू आहे. निना रोड्रिग्ज या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कांदोम्ब्लेवर पहिले पद्धतशीर अभ्यास केले, आणि आफ्रिकी वंश हीन आहे यावर त्याचा पक्का विश्वासही होता. त्याच्याच नावाच्या न्यायवैद्यक संस्थेच्या संग्रहालयात पुढे कांदोम्ब्लेच्या पूजावस्तू गुन्ह्यांच्या नमुन्यांशेजारी मांडलेल्या होत्या, थेट १९९०च्या दशकापर्यंत. साल्वादोर ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाहियात १९७६पर्यंत मंदिरांना पोलिसांकडे नोंद करावी लागे, उत्सवाला परवाना लागे. १९७६! माझ्या वर्गातल्या मुलांच्या आईवडिलांचा जन्म त्याच सुमारासचा आहे.

आणि हे सगळं संपलेलंही नाही. १९९९ साली एका चर्चच्या वर्तमानपत्राने माई जिल्दा या कांदोम्ब्ले धर्मप्रमुखांचा फोटो छापून त्यांना भोंदू ठरवलं. त्यानंतर त्यांच्या मंदिरावर आणि घरच्यांवर हल्ले झाले. २१ जानेवारी २००० रोजी त्या गेल्या. २००७च्या कायद्याने तो दिवस ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो.

हे ऐकून सभागृहाचा कल कुठे झुकणार हे उघड होतं. पण पुढचा निबंध एका तरुण कृष्णवर्णीय संशोधकाचा होता, आणि तो स्वतः पेंटेकोस्टल, म्हणजे इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाच्या, चर्चमध्ये जाणारा निघाला. त्याने शांतपणे आकडे ठेवले. २०२२च्या जनगणनेत कांदोम्ब्ले आणि उंबांदा हा आफ्रिकी मुळांचा दुसरा धर्म मिळून फक्त एक टक्का लोक, आणि इव्हँजेलिकल सव्वीस-सत्तावीस टक्के. त्या चर्चमध्ये जाणाऱ्यांत अर्ध्याहून अधिक कृष्णवर्णीय किंवा मिश्रवर्णीय आहेत. माझी आई घरकाम करते, तो म्हणाला, तिला व्यसनी नवऱ्यापासून आणि वस्तीतल्या गोळीबारापासून त्या चर्चने वाचवलं. तिचा धर्म कमी काळा आहे, असं तुम्ही मला सांगणार का? आधुनिक पेंटेकोस्टल चळवळीच्या सुरुवातीलाच १९०६ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम सेमूर हा पूर्वी गुलाम असलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला उपदेशक उभा होता, याची त्याने आठवण दिली. लोक चिडले. काहींनी टाळ्याही वाजवल्या. मला तो मुलगा धीराचा वाटला. कुणाचा धर्म 'खरा आपला', हे त्वचेवरून ठरवायला निघालो की आपण त्या डॉक्टरच्याच वाटेने चालायला लागतो, असं माझं मत त्या दुपारी पक्कं झालं. पण चर्चच्या नावाने मंदिर फोडणाऱ्यांची जबाबदारी त्याने निबंधात जेमतेम स्पर्शली, हे मला खटकलं आणि मी ते त्याला चहाच्या वेळी सांगितलं. त्याने मान्य केलं नाही.

त्याच संध्याकाळी बाहेर कोपऱ्यावर अकाराजे खाल्लं. चवळी भिजवून, साल काढून, वाटून, फेटून, लालभडक देंदे तेलात, म्हणजे पामच्या तेलात, तळलेला वडा, मध्ये चिरून त्यात सुकटीसारखी कोळंबी आणि मिरचीचं वाटण. चवळी मूळची आफ्रिकेतली, तीही अशीच माणसांबरोबर दोन्ही समुद्रांपार गेली. अकाराजे हा इयान्सां या वादळाच्या देवीचा नैवेद्य. गुलामगिरीच्या काळात बायका तो डोक्यावर घेऊन विकायच्या आणि त्या पैशातून स्वतःचं किंवा देवाचं देणं फेडायच्या. पांढऱ्या झालरीच्या पोशाखात बसणाऱ्या या विक्रेत्या बायकांच्या कलेची २००५ साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद झाली. इथेही तोच वाद येऊन ठेपला आहे. काही इव्हँजेलिकल विक्रेत्यांनी हाच वडा 'येशूचा वडा' म्हणून विकायला काढला, देवीचं नाव आणि पोशाख वगळून. माझ्या बरोबरची मैत्रीण, हैतीची, म्हणाली की चव तीच असली तरी ती तो कधीच घेणार नाही.

माझं सत्र चौथ्या दिवशी सकाळी होतं. मी जेकब वेनराइटपासून सुरुवात केली. पूर्व आफ्रिकेतल्या याओ समाजातला हा मुलगा गुलामांच्या गलबतावरून सुटून शरणपुरात वाढला, आणि १८७२ साली नाशिकच्या इतर मुलांबरोबर आफ्रिकेत फिरणारा मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या मदतीला पाठवला गेला. १८७३च्या मे महिन्यात आजच्या झांबियात, चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने. मग त्यांनी ते शव मीठ लावून वाळवलं आणि दीड हजार किलोमीटरच्या आसपासची वाट तुडवत बागामोयोच्या किनाऱ्यावर आणलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. त्याने लिहिलेली डायरी आज उपलब्ध आहे.

इंग्रजी पुस्तकं ही कथा स्वामिनिष्ठेची म्हणून सांगतात. मी ती वेगळी लावून बघितली. ज्याला 'देण्यात आलेला' धर्म म्हणतात, तो ऐन जंगलात, एकही गोरा माणूस हजर नसताना, वेनराइटने स्वतःच्या अधिकारात वापरला. पुरोहित तो झाला. पुढे १८७५ साली आजच्या केनियातल्या मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेरेटाउन वसवलं गेलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं, कामावर आले तेच प्राइस, आणि वसाहत चालवायला गेली ती शरणपूरची वाढलेली मुलं, ज्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर यांना १८८५ साली पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. जोन्सने मोंबासाजवळच रबाई इथल्या मिशनमध्ये मालकांपासून पळून आलेल्यांना आसरा दिला, मिशनच्या वरिष्ठांची तशी इच्छा नसताना. १८८८ साली मालक हक्क सांगत आले तेव्हा अशा सुमारे १,४०० माणसांची भरपाई देऊन त्यांना मोकळं करावं लागलं. आणि याच जोन्ससारख्यांना गोऱ्या सहकाऱ्यांच्या बरोबरीची वागणूक मिळत नव्हती, त्यावरून खटके उडत राहिले. बायबलमध्ये सगळे सारखे, पगारपत्रकावर नाहीत. रंगाचा प्रश्न त्यांना भिडला तो चर्चच्या आतच.

शेवटी मी १८७३ या सालाकडे वळले. त्याच वर्षी फ्रेर झांझिबारच्या सुलतानाकडून गुलामांचा बाजार बंद करवून घेण्यासाठी बोलणी करत होते, आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं, आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणून. हे सांगितलं आणि सभागृहात कुजबुज झाली. अर्पणपत्रिकेचा फोटो पडद्यावर होता. बरेच जण मोबाइल वर करून तो टिपत होते. एका मराठी माणसाचं नाव त्या खोलीत त्याच्या हक्काच्या जागी पोचलं, याचा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

मग नियमाप्रमाणे पहिली दहा मिनिटं. शरणपूरचं कुणी तिथे नव्हतं, म्हणून आयोजकांनी मोंबासाहून आलेल्या एका शिक्षकांना उभं केलं. ते फ्रेरेटाउनच्या बाजूलाच लहानाचे मोठे झालेले. ते म्हणाले, नाशिक हे नाव मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांत आपले पूर्वज 'बॉम्बे आफ्रिकन' होते हे अभिमानाने सांगतात. गुलामांची गलबतं दिसली की वाजवायची म्हणून ओळखली जाणारी घंटा आमच्याकडे अजून आहे. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या नाशिकमध्ये आमच्या लोकांचं काय आहे?" मी एका रस्त्याचं आणि एका चर्चच्या परिसराचं नाव घेतलं. फलक आहे का? नाही. शाळेच्या पुस्तकात? नाही.

त्यांच्या मागच्या रांगेतून त्या उद्घाटनाच्या आजी उठल्या. त्यांना काही विचारायचं होतं. हेडफोन कानाला घट्ट धरून मी ऐकलं. "या मुलांची पहिली नावं काय होती? रात्री त्यांना गोष्टी कोण सांगायचं? त्यांच्यातलं कुणी वारलं तर ढोल वाजला का?" माझ्याकडे एकाच्या नावाचं उत्तर होतं. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून ओळखला गेलेला, लिव्हिंगस्टनचं शव वाहणाऱ्यांतला शेवटचा साक्षीदार, १९३५ साली मोंबासात वारला. त्याचं बालपणीचं नाव चेंगविम्बे. मी ते मोठ्याने उच्चारलं, आणि आजींनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी ते परत म्हटलं. बाकीच्या दोन प्रश्नांना मी सांगितलं की मी पाहिलेल्या अहवालांत त्याबद्दल ओळ नाही. ते अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत. किती कपडे दिले, किती मुलं वाचायला शिकली, किती बाप्तिस्मे झाले, सगळं आहे. मुलं काय घेऊन आली, ते नाही. आजी म्हणाल्या, "मग हा प्रश्नच निबंधात लिही, माझ्या पोरी. कागदाने विचारला नाही म्हणून तू गाळू नकोस."

परिषदेचा शेवट काशोएइरात झाला. पाराग्वासू नदीकाठचं हे जुनं गाव साल्वादोरहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, ऊस आणि तंबाखूच्या मळ्यांच्या मुलखात. वाटेत आंब्या-फणसाची झाडं दिसली. पोर्तुगीज जहाजांनी ती आपल्या बाजूने तिकडे नेलेली. १५ ऑगस्टला तिथे बोआ मॉर्ते भगिनीमंडळाचा उत्सव असतो. एकोणिसाव्या शतकात कृष्णवर्णीय बायकांनी हे मंडळ बांधलं, पैसा पैसा जमवून गुलामीतल्या इतर बायकांची सुटका विकत घेतली, आणि आपल्यातल्या प्रत्येकीला सन्मानाने मूठमाती मिळेल अशी व्यवस्था केली. सभासद सगळ्या वयस्क, सगळ्या कॅथलिक, आणि कांदोम्ब्लेच्या दीक्षितही. काळा घागरा, पांढरा झगा, खांद्यावरच्या शालीची लाल बाजू वर, गळ्यात सोन्याचे थरावर थर. मेरीची मूर्ती खांद्यावर घेऊन त्या दगडी रस्त्याने निघाल्या. वाद्यं होती, फटाके होते, आणि गर्दीत जगभरातून आलेले काळे लोक, बरेचसे अमेरिकेतून, रडत होते. या बायका आणि चर्चचे अधिकारी यांच्यात पूजावस्तूंच्या मालकीवरून भांडण झालं होतं, ते कोर्टात गेलं आणि बायका जिंकल्या. मी एकीला दुभाष्यामार्फत विचारलं की तुमच्यासाठी ही मेरी आहे की तुमची देवी. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आम्हाला दोघींनीही कधी टाकलं नाही. मिरवणूक संपल्यावर त्यांनी सगळ्या गावाला जेवू घातलं आणि मग सांबा दे रोडा सुरू झाला. सत्तरीच्या बाया गोलात येऊन नाचत होत्या. बहुतेक पाहुण्यांनी कॅमेरे ठेवून टाळ्यांचा ठेका धरला.

नाशिकला परत आल्यावर निबंध पुन्हा लिहायला घेतला. मोंबासाचे शिक्षक आणि मी मिळून एक यादी करतो आहोत. एका रकान्यात बाप्तिस्म्याचं नाव, दुसऱ्यात आधीचं, तिसऱ्यात तो माणूस पुढे कुठे गेला. ते तिकडची चर्चची दफ्तरं बघतात, मी इकडची. दुसरा रकाना फार हळू भरतो आहे. आजींचे तिन्ही प्रश्न निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात आहेत. ज्या नियतकालिकाकडे तो पाठवला, तिथल्या एका परीक्षकाने ते 'पुराव्याबाहेरचे' म्हणून काढायला सुचवलं होतं. मी ते ठेवायचा आग्रह धरला आहे.

कॉलेजात आफ्रिकी डायस्पोरावर एक दिवसाचं चर्चासत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा मी साल्वादोरचा नियम विभागापुढे मांडला. थोडी कुरकूर झाली, "वेळ कुठे पुरणार" वगैरे, पण मंजूर झाला. यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या दोन ज्येष्ठ मंडळींशी ओळखीतून फोनवर बोलणं झालं. त्यांची कोकणी आणि माझी मराठी, एकमेकांना कळायला अडचण आली नाही. मी त्यांना विषयांची यादी पाठवू का म्हणून विचारलं. त्यांतल्या काकी म्हणाल्या, "यादी नको गो, आमी काय बोलायचं तां आमी बघू." भाताची कापणी झाल्यानंतरची तारीख त्यांनी मागितली आहे.